ओहोटीच्या वाटेवर जपून पाऊल

शत्रुंजय आणि गिरनारची यात्रा आटोपल्यावर हाताशी दोन दिवस उरले, की महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंच्या गाड्या बहुधा द्वारकेच्या वा सोमनाथाच्या रस्त्याला लागतात. द्वारकेची वाट धरली तर मध्ये जामनगर येते. चांदी बजारातील जुन्या जिनमंदिरांचे दर्शन, लाखोटा तलावाकाठची संध्याकाळ आणि बांधणीच्या पेठेतील खरेदी एवढ्यात बहुतेकांचे जामनगर पाहून होते. ज्या कुटुंबांची मुळे हालारातील बावन्न गावांत आहेत, ती आपापल्या गावचे देरासर व कुलदेवीचे स्थान गाठतात. मुंबईत, भिवंडीत आणि पार केनियात जाऊन व्यापार वसवणाऱ्या हालारी ओसवालांचे हे माहेर. या माहेराच्या उत्तरेला मात्र आणखी एक वस्ती आहे. दिवसातून दोनदा ती पाण्यातून वर येते आणि दोनदा पाण्याखाली जाते.

कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठाने, ओख्यापासून जोडियापर्यंत, भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. १९८० साली हा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि १९८२ साली त्यातील एका भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एकूण क्षेत्र ४५७.९२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १६२.८९ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात ४२ बेटे मोजली जातात. पिरोटन, करूंभार, भैदर, नोरू अशी त्यांची नावे. बहुतेक बेटांना प्रवाळाचा काठ आहे आणि अनेकांवर तिवरांची दाट खारफुटी आहे; इकडचे लोक तिला चेर म्हणतात. भारतात प्रवाळ पाहायचे म्हणजे अंदमानला वा लक्षद्वीपला जाऊन पाण्यात बुडी मारायची, असा सर्वसाधारण समज. येथे मात्र ओहोटीच्या वेळी पायी चालत प्रवाळापर्यंत जाता येते. या जागेचे वैशिष्ट्य तेच आणि तिच्यावरचे संकटही तेच.

नरारा

पायी जाण्याची ही जागा म्हणजे नरारा. जामनगरपासून सुमारे साठ किलोमीटरवर, वाडीनार गावाजवळ, आजच्या देवभूमी द्वारका जिल्ह्यात ती आहे. वनखात्याच्या चौकीवर प्रवेशपत्र घ्यावे लागते आणि सोबत स्थानिक वाटाड्या असावा लागतो. ओहोटीला तेथे पोहोचले तर समोर समुद्र दिसतच नाही. करड्या चिखलाचा, वाळूचा, खडकांचा आणि डबक्यांचा एक विस्तीर्ण पट दिसतो, त्यापलीकडे पाण्याची रेघ आणि त्याहीपलीकडे तेलवाहू जहाजे. शहरातून आलेली मुले प्रथमदर्शनी नाराजच होतात. त्यांनी चित्रांत पाहिलेले निळेशार पाणी येथे नसते. कच्छच्या आखाताचे पाणी गढूळ, कारण भरती-ओहोटीचा ओघ येथे फार जोरकस आहे. आखाताच्या तोंडाशी, ओख्याजवळ, उधाणाच्या दिवशी पाणी तीन-चार मीटर चढते-उतरते. तेच आत नवलखीकडे सात मीटरांच्या आसपास जाते. एवढ्या ओघात गाळ सतत ढवळला जातो. उन्हाळ्यात पाणी तापते, हिवाळ्यात गार पडते, खारेपणा वाढतो, आणि ओहोटीत काही तास अंगावर थेट ऊन पडते. प्रवाळासारख्या नाजूक जीवाने येथे टिकून राहावे, हेच मुळात नवल.

नाराजी फार वेळ टिकत नाही. पहिल्याच डबक्याशी वाटाड्या थांबतो आणि बोटाने दाखवतो. खडक म्हणून ज्याकडे दुर्लक्ष झाले असते, त्यावर मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी असते. शेजारी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दुसरा गोळा. पाण्यात एक फूल उमललेले दिसते; सावली पडताच ते मिटते, आणि मग कळते की ते समुद्रफूल नावाचे प्राणी आहे. वाळूच्या रंगाची समुद्रकाकडी, पाच बाहूंचा तारामासा, शंखाचे घर पाठीवर घेऊन धावणारा खेकडा असे एकेक जीव दिसू लागतात. नशीब असेल तर दगडाच्या कपारीत रंग बदलून बसलेला अष्टपादही दिसतो. त्याला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळसर असते, हे ऐकल्यावर मोबाइलमध्ये डोके घातलेला मुलगाही वाकून पाहू लागतो.

आजींचा प्रश्न

अशा प्रत्येक कुटुंबात बहुधा एक आजी असतातच. यात्रेत त्यांनी पालिताण्याचा डोंगर चढलेला असतो. पण नराऱ्याच्या काठाशी त्या थबकतात. ‘पाण्यात जीव, चिखलात जीव. मी पाय कुठे ठेवू?’ असे त्या विचारतात. सुना हसतात, नातवंडे हात धरून ओढू लागतात. परंतु हा प्रश्न भाबडा नाही. उद्यानाच्या व्यवस्थापनाचे सगळे शास्त्र ज्या एका प्रश्नाभोवती फिरते, तो हाच प्रश्न आहे.

पाठशाळेत ‘जीवविचार’ पाठ केलेल्यांना येथे एक वेगळाच आनंद मिळतो. शांतिसूरींच्या त्या छोट्या प्रकरणग्रंथात प्रवाळाची गणना स्फटिक, मणी, रत्न यांच्या पंक्तीत, पृथ्वीकाय जीवांत केलेली आहे. आणि शंख व कवडी यांची गणना द्वींद्रिय जीवांत. आजचे प्राणिशास्त्र प्रवाळाला प्राणी मानते. प्रवाळाचा प्रत्येक गोळा म्हणजे असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत. हे जीव पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती दगडी घर बांधतात. त्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शेवाळ वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. वर्गीकरणाची चौकट वेगळी असली, तरी एका गोष्टीत दोन्हीकडे एकमत आहे: ज्याला डोळा दगड समजतो, तो दगड जिवंत आहे.

हे ध्यानात आले की पावलाचा अर्थ बदलतो. गोळ्यासारखी वाढणारी प्रवाळे वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढतात. नारळाएवढा गोळा घडायला कित्येक वर्षे लागलेली असतात, आणि घाईत टाकलेले एक पाऊल त्याची कड क्षणात मोडते. पाऊल प्रवाळावर पडले नाही, तरी शेजारचा चिखल ढवळून त्याच्यावर बसतो. सूक्ष्म शेवाळाला प्रकाश मिळत नाही आणि जीव गुदमरतो. एका माणसाने केलेली हानी भरती धुऊन काढते, शंभरांनी केलेली हानीही कदाचित भरून येते. पण सुटीच्या दिवशी एकामागून एक बसगाड्या येऊन थांबल्या आणि सगळे त्याच वाटेने त्याच डबक्याशी गेले, तर ती वाट काही हंगामांत ओसाड होते.

व्यापारी घरातील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. भांडवलाच्या व्याजावर घर चालवायचे असते. मुद्दलाला हात लागला की पेढी बसायला वेळ लागत नाही. उद्यानाची सारी बंधने मुद्दल राखण्यासाठी आहेत. एका वेळी किती माणसे आत असावीत, कोणत्या पट्ट्यात जावे आणि कोणत्या पट्ट्यात मुळीच जाऊ नये, सोबत कोण असावे, बरोबर काय नेऊ नये, हे त्यातूनच ठरते. पिरोटनसारख्या बेटांबाबत बंधने अधिक कडक आहेत. तेथे होडीने भरतीच्या पाण्यावर जावे लागते आणि परतीसाठी पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते. त्यासाठी निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्या लागतात. पर्यटकांना हा जाच वाटतो. परंतु पायी जाता येणारा नरारा लोकांसाठी खुला ठेवून दूरची बेटे शांत ठेवणे, यात एक शहाणपण आहे. दुकानाच्या ओटीवर गिऱ्हाइकाचे स्वागत होते, म्हणून तिजोरीची खोली कोणी उघडी टाकत नाही.

वाटाड्याची अडचण

नराऱ्याची खरी परीक्षा मात्र नियमपुस्तकात होत नाही. ती वाटाड्या आणि पाहुणा यांच्यातील पाच मिनिटांत होते. येथे एक मासा सापडतो, जो संकटात सापडला की पाणी गिळून अंग चेंडूसारखे फुगवतो. कोकणात त्याच्या जातभाईंना केंड म्हणतात. पाहुण्यांना तो फुगलेला पाहायचा असतो. मग कोणीतरी त्याला पाण्याबाहेर काढतो, तळहातावर ठेवतो, मासा फुगतो, मुले टाळ्या वाजवतात, छायाचित्रे निघतात आणि मासा परत पाण्यात सोडला जातो. ‘बघा, सोडला ना!’ म्हणून सगळे समाधानाने पुढे जातात.

फुगणे हा त्या माशाचा खेळ नाही. तो त्याचा शेवटचा उपाय आहे. पाण्याबाहेर तो पाण्याऐवजी हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. ओहोटीच्या काही तासांत त्याच डबक्याशी पाचसहा गट आले आणि प्रत्येकाने तोच मासा शोधला, तर त्या दिवशी त्या जीवाचे काय होत असेल, हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही. अष्टपादाला कपारीतून बाहेर ओढून त्याची शाई उडवून दाखवणे, समुद्रकाकडी हातोहात फिरवणे, खेकडा उलटा धरणे, हे सारे त्याच प्रकारचे. भारतातील सर्व समुद्रकाकड्या आणि प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जेवढे संरक्षण, तेवढेच त्यांनाही. वाघाला हात लावून दाखवा, असे ताडोब्यात कोणी म्हणत नाही.

दोष एकट्या वाटाड्याचा नाही. तो आसपासच्या गावचा माणूस असतो. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा, तोही ओहोटीच्या वेळेवर अवलंबून. पाहुणा खूश झाला तर वरचे पाच-पन्नास रुपये मिळतात, आणि पाहुणा खूश होतो तो हातात प्राणी दिल्यावर. जो वाटाड्या प्राण्याला हात न लावता नुसते दाखवतो आणि दहा मिनिटे शांत उभे राहायला सांगतो, त्याला कंटाळवाणा म्हणून कमी बक्षिसी मिळते. मागणी तसा पुरवठा, हा नियम बाजारपेठेत वाढलेल्या वाचकांना नवा नाही. तेव्हा पहिल्याच पावलाला कुटुंबप्रमुखाने शांतपणे सांगावे: ‘भाई, आम्हाला काही उचलून दाखवू नका. जिथे आहे तिथेच दाखवा. तुमचे मानधन पूर्ण मिळेल आणि वरही मिळेल.’ या एका वाक्याने त्या दिवसापुरता तरी बाजारभाव बदलतो. दहा कुटुंबांनी तसे सांगितले तर पुढच्या हंगामाचा बदलतो.

आजींच्या प्रश्नाला वाटाड्याने दिलेले उत्तरही असेच साधे असते. ‘बा, मी जिथे पाय ठेवतो तिथेच ठेवा.’ तो मोकळ्या वाळूवरून आणि मेलेल्या, घट्ट कातळावरून चालतो. डबके ओलांडायची वेळ आली तर पाय न उचलता पुढे सरकवतो, म्हणजे वाळूत दडलेल्या पाकटाला चाहूल लागून तो निघून जातो. चार हात पुढची जमीन पाहून चालावे, ही ईर्यासमितीची शिकवण आजींच्या अंगी आयुष्यभर मुरलेली असते. त्यामुळे होते असे की घरातील सर्वांत वयस्क व्यक्ती नराऱ्यात सर्वांत चांगली चालते आणि तरुण मंडळी, डोळे मोबाइलच्या पडद्यावर, सर्वांत वाईट.

काही आजी तरीही पाण्यात उतरत नाहीत. साधुसाध्वींना ज्या पाण्यात सहज पाऊल घालता येत नाही, तेथे निव्वळ पाहण्यासाठी का जावे, असे त्यांना वाटते. त्यांचे कोणी मन वळवू नये. काठावर तिवरांच्या सावलीत बसून त्यांना जे दिसते तेही कमी नसते. तिवरांची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली असतात, त्यांमध्ये लहान खेकड्यांची लगबग असते, दूर पाण्याच्या कडेने लांब पायांचे पाणपक्षी चरत असतात. हे वन वादळाचा जोर अडवते, किनारा धरून ठेवते, आणि कितीतरी जलचरांची पिल्ले त्याच्या मुळांत वाढतात. उद्यान पाहण्याची ही सर्वांत निरुपद्रवी रीत. अंतरावरूनही पाहता येते, हे मुलांना त्यामुळे कळते.

पंचांग आणि ओहोटी

नराऱ्याची सहल घड्याळावर ठरत नाही, तिथीवर ठरते. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे साडेबारा तासांचे. त्यामुळे ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. त्या दिवसांत पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. पाण्याची हालचाल कमी, आणि प्रवाळाचा पट्टा पुरेसा उघडा पडत नाही. ज्या घरात आठम-चौदस पाहून स्वयंपाक ठरतो, त्या घराला हे गणित अवघड नाही. तरीही निघण्यापूर्वी वनखात्याच्या जामनगर येथील कार्यालयातून त्या दिवसाची ओहोटीची नेमकी वेळ आणि प्रवेशाची स्थिती विचारून घ्यावी. भरती परतू लागली की येथे पाणी झपाट्याने येते, आणि वाटाड्याने ‘चला’ म्हटल्यावर आणखी एका छायाचित्रासाठी थांबणे जिवावर बेतू शकते.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा येथे यायचे नसते. गीरचे जंगलही १६ जूनपासून १५ ऑक्टोबरपर्यंत पाहुण्यांना बंद असते. चातुर्मासात विहार थांबवण्यामागे जीवोत्पत्तीच्या काळात जीवांची विराधना टळावी हा हेतू आहे. वनखात्याची ही बंदीही, वेगळ्या भाषेत, वन्यजीवांना तेवढा काळ निवांतपणा देते.

संघयात्रा काढणाऱ्यांनी आणखी थोडे पथ्य पाळावे. पन्नास जणांची बस एकदम पाण्यात उतरवू नये. आठ-दहांचे गट करावेत, प्रत्येक गटाला वेगळा वाटाड्या घ्यावा, आणि उरलेल्यांनी तोवर काठावर थांबावे. पायांत जुने, घट्ट बसणारे बूट असावेत. कालवांच्या कडा धारदार असतात आणि चपला चिखलात रुततात. खाण्याची पाकिटे व प्लास्टिकच्या बाटल्या गाडीतच ठेवाव्यात. मुलांच्या खिशांत शंख-शिंपले राहिले नाहीत ना, हे परतताना पाहावे. रिकामा शंखही रिकामा नसतो. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना दुसऱ्याने सोडलेले घरच लागते. जव्हेरी बाजारात पोवळे म्हणून जे विकले जाते ते भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळ, ते निराळे. येथील पांढरा, सच्छिद्र तुकडा दागिन्याच्या कामाचा नाही. आणि तो उचलणे हा गुन्हा आहे.

पाहुण्यापलीकडचे

पर्यटकाचे पाऊल हेच या उद्यानावरचे सर्वांत मोठे संकट, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. उद्यान होण्यापूर्वी कित्येक वर्षे येथील प्रवाळयुक्त वाळू सिमेंटच्या कारखान्यांसाठी उपसली गेली. नराऱ्याच्या वाळूत उभे राहिले की क्षितिजावर कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. १९७८ पासून वाडीनारला कच्चे तेल उतरते, आणि देशातील अतिविशाल तेलशुद्धीकरण कारखाने याच किनाऱ्यावर आहेत. बंदरे, जलवाहिन्या, तेलवाहिन्या आणि गाळ यांचा भार उद्यानाला रोज सोसावा लागतो. त्याखेरीज समुद्र तापला की प्रवाळजीव आपल्या अंगातील शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी जगभरच्या समुद्रांत असे घडले.

या तेलावर देशाच्या मालमोटारी चालतात आणि त्या मालमोटारींवर वाचकांपैकी कित्येकांचा धंदा चालतो. तेव्हा कारखान्याकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय कोणालाच नाही. तो प्रश्न सरकारचा, न्यायालयांचा आणि शास्त्रज्ञांचा आहे, आणि ग्राहक म्हणून सर्वांचा आहे. पावलाचा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या हातातला आहे.

झळ ज्यांना बसते त्यांचाही विचार हवा. राष्ट्रीय उद्यानात मासेमारी नाही, गुरे चारणे नाही. ज्यांचे आजे-पणजे ओहोटीत पायी जाऊन जाळी लावत आणि ज्यांचे उंट खाडी पोहून तिवर चरत, त्यांना आज मनाई आहे. आणि शहरातून आलेला पाहुणा तिकीट काढून त्याच वाटेने आत जातो. हे खाराई उंट खाऱ्या पाण्यात पोहणारे. २०१५ साली त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. मासेमारीविषयी जैन कुटुंबांचे मत ठाम आहे आणि ते तसे असणे स्वाभाविकच. परंतु बंदीने ज्याची चूल विझते त्याला दुसरे काम मिळाले नाही, तर बंदी कागदावर राहते. वाटाड्याचे मानधन, गावातील चहाची टपरी, होडीचे भाडे हे त्या दुसऱ्या कामाचे लहान लहान धागे आहेत. तेथे घासाघीस न करणे हीही जीवदयाच म्हणावी लागेल.

हे होऊ शकते याचे उदाहरण याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. वेरावळ व आसपासच्या बंदरांत पूर्वी देवमाशाएवढ्या प्रचंड व्हेल शार्कची शिकार मोठ्या प्रमाणावर होत असे. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण कायद्याने एकट्याने शिकार थांबली नसती. २००४ पासून मोरारी बापूंनी कोळी बांधवांना समजावले की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे. त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव मिळाले. पुढे जाळ्यात व्हाली सापडली की जाळे कापून तिला सोडण्याची रीत पडली, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखाते देऊ लागले. अशा शेकडो व्हाली आजवर सुटल्या आहेत. ज्यांनी आपले हजारोंचे जाळे स्वतःच्या हाताने कापले, ते कोणी श्रावक नव्हते. ते कोळीच होते.

प्रवाळ पुन्हा वाढवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०२० च्या जानेवारीत मिठापूरजवळच्या समुद्रात भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने गुजरात वनखात्याच्या साहाय्याने लोखंडी सांगाडा बुडवला. त्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडला की पाण्यातील चुना सांगाड्यावर साचतो, आणि त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे लवकर धरतात. मोडणे क्षणाचे आणि जोडणे किती खटपटीचे, हे त्या सांगाड्याकडे पाहून कळते.

महाराष्ट्रातील वाचकांना यासाठी आखातापर्यंत जायलाच हवे असे नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे प्रवाळ पाण्याखाली असते, आणि पाहुणे मुखवटा लावून वरून तरंगत पाहतात. तेथे पावलाऐवजी होडीचा नांगर आणि पोहणाऱ्याची टाच सांभाळायची. ‘नांगर वाळूत टाका, खडकावर नको,’ एवढे होडीवाल्याला आधी सांगितले तरी पुष्कळ.

नराऱ्यात परतीची वेळ होते तेव्हा पाण्याची रेघ जवळ आलेली असते. मघाशी जी डबकी वेगवेगळी होती ती एकमेकांत मिसळू लागतात. समुद्रफुले पुन्हा उमलतात, कपारीतून मासे बाहेर येतात, आणि चिखलात उमटलेल्या पावलांच्या खुणा एकेक करून बुजतात. काठावर बसलेल्या आजी नातवंडांना विचारतात, ‘काय काय पाहिले?’ मुले एका दमात सांगू लागतात. मग आजी आणखी एक प्रश्न विचारतात, ‘हात कशाला लावला नाहीत ना?’ धाकटा नातू क्षणभर थांबतो, खिशात हात घालतो, एक छोटासा शंख बाहेर काढतो आणि पळत जाऊन पाण्यात ठेवून येतो. तो ठेवतो तोच शंखातून दोन बारीक पाय बाहेर येतात आणि शंख वाळूवरून चालू लागतो.